मापबाधा

चंद्रावरच्या सोमवाडीच्या नियंत्रणकक्षात भिंतभर हिरवागार एक आकडा चमकत असे : ९७. हा वाडीचा समाधानांक, नगरमेंदू नावाच्या संगणकाने काढलेला. त्याच्याखाली वाडीचे संचालक डॉ. हेरंब अष्टपुत्रे हात पाठीशी बांधून उभे राहत, पोराचा पहिला नंबर आलेला बाप निकालाच्या फळ्यासमोर उभा राहतो तसे.

डॉ. अनसूया घोलप मेथीच्या जुड्या घेऊन आत आल्या, तेव्हाही ते तसेच उभे होते.

मेथीचं कारण सरळ होतं. अनसूयाबाई समाजशास्त्रज्ञ. वाडीतली माणसं एकमेकांशी कशी वागतात याचा अभ्यास त्यांनी अकरा वर्षं केला. गेल्या वर्षी अष्टपुत्र्यांनी त्यांचा विभाग बंद केला आणि बाईंना हरितगृहात पाठवलं. बंद करण्याच्या सभेत ते म्हणाले होते, "समाजशास्त्र म्हणजे काय हो? शेजारणींच्या कुचाळक्या आणि खाली तळटीपा!" सभा खोखो हसली. बाईही हसल्या. तेव्हापासून त्या रोज सकाळी मेथी उपटत, आणि प्रत्येक जुडी उपटताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक तुळतुळीत टक्कल येई. मेथी मुळासकट निघत असे.

"बसा घोलपबाई," अष्टपुत्रे आकड्यावरची नजर न हलवता म्हणाले. "उद्या पृथ्वीवरून पाहणी समिती येतेय. अध्यक्ष वसुधाताई कारखानीस. त्या एक फालतू प्रश्न विचारणार, असं कळलंय. समाधानांक सत्त्याण्णव असताना या महिन्यात तीन कुटुंबांनी परतीचं यान का मागितलं? तुम्ही आपलं चार ओळींचं काहीतरी लिहून द्या. गावची ओढ, मातीचा वास... तुमच्याकडे असतं तसलं."

"ओढबिढ काही नाही. मापबाधा आहे."

"काय आहे?"

"भूतबाधा असते ना, तशी मापबाधा. तुम्ही प्रत्येकाच्या मनगटावर समाधानपट्टी बांधलीत. ती नाडी मोजते, झोप मोजते. तिथवर ठीक होतं. मग तुम्ही म्हणालात, ज्याची पट्टी समाधानी त्याला पृथ्वी दिसणारी खिडकी. ज्याची कुरकुरणारी, त्याला खडकाकडची."

"उत्तेजन नको?"

"माणसाला खुशाल मोजा, डॉक्टर. पण मोजलेल्या आकड्यावर त्याची खिडकी टांगू नका. टांगलीत की तो स्वतःला सांभाळायचं सोडतो आणि आकडा सांभाळतो. मग तुम्ही काय मोजता? त्याची हुशारी."

अष्टपुत्रे पहिल्यांदा वळले. "बाई, नाडीला हुशारी नसते. नाडी खोटं बोलत नाही."

"नाडी नाही बोलत."

"झालं तर मग! आणि हो, तुमच्या त्या अकरा वर्षांच्या नोंदी नगरमेंदूत जागा अडवून बसल्यात. उद्या समितीची सही झाली की पुसतोय. काय होतं हो त्यांत? वाट्या ना? कोणाकडून कोणाकडे वाटी गेली?" त्यांना हसू आवरेना. "चंद्रावर येऊन बाईंनी वाट्या मोजल्या!"

"त्याच," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि जुड्या ठेवून निघाल्या. बोळातून जाताना त्यांच्या मनात एकच वाक्य घुमत होतं. पुसतोय म्हणाला. बरं.

आता वाट्यांचं सांगायला हवं. सोमवाडीत माणसं चार गावांची होती, पण एक रीत सगळ्यांनी सोबत आणली होती. शेजारून काही आलं, तर त्याची वाटी रिकामी परत करायची नाही. चिमूटभर साखर का होईना, घालायची. अनसूयाबाईंनी हीच ये-जा टिपली होती. कोणाचं बिनसलं, कोणाचा घरात जीव रमेना, हे वाटीवरून त्यांना आठवडाभर आधी कळे. याच वाट्यांवरून त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती. वाडीतल्या चाळीस घरांतून भिकाजीअण्णा डोईफोड्यांकडे भरल्या वाट्या जात होत्या, आणि यातलं एकही घर त्यांच्या नात्यातलं नव्हतं.

भिकाजीअण्णा हे निवृत्त यानदुरुस्तक. स्वभावाने दही. बोगदा कोसळला तेव्हाही ते "कोसळू दे, उद्या बांधू" म्हणून कुशीवर वळले होते. घरात भांडण काढायचं झालं, की बायका-पुरुष आधी अण्णांकडे जाऊन पट्टी उतरवून त्यांच्या अंगावर बांधत आणि मग घरी येऊन निवांत भांडत. दुपारी अण्णा झोपत, तेव्हा मनगटापासून दंडापर्यंत आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्याच पट्ट्या. सबंध वाडीचं समाधान एका म्हाताऱ्याच्या वामकुक्षीवर चाललं होतं.

हे बाईंना लोकांनीच सांगितलं होतं. "तुम्ही आपल्या म्हणून सांगतोय हं बाई. कुठे बोलू नका." बाईंनी शब्द दिला होता. शब्द पाळणं हा त्यांच्या शास्त्राचा पहिला नियम.

त्या रात्री त्यांनी ठेचा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह भरलं. वसुधाताई कारखानीस पहिल्या रांगेत, चष्मा नाकाच्या टोकावर. अष्टपुत्र्यांनी पडद्यावर शेकडो वाडीकरांच्या नाड्या एकाखाली एक मांडल्या आणि आवाजात मध घातला.

"आणि ताई, आता सोमवाडीचा खरा चमत्कार पाहा. या चाळीस रेषा. वेगवेगळी माणसं, वेगवेगळी घरं, पण नाड्या ठोक्याला ठोका जुळलेल्या! चाळीस हृदयं, एक स्पंदन! मानवी इतिहासात एवढी एकात्मता..."

"अगबाई," वसुधाताई म्हणाल्या.

आज आकडा घसरू नये म्हणून पट्ट्या अण्णांकडे ठेवून आलेली प्रेक्षकांतली चाळीस माणसं आपापल्या पायांकडे पाहू लागली.

"मी एक विचारू?" मागून अनसूयाबाई उठल्या. "हे चाळीस जण आत्ता कुठे आहेत?"

"इथेच असतील. काम करत असतील. काय फरक पडतो?"

"नगरमेंदू म्हणतो, सगळे गाढ झोपलेत. आणि समोर तर हे सगळे जागे बसलेत. ताई, तुम्ही फक्त पडद्याकडे पाहा. दोन मिनिटं."

अण्णांना ठेच्याची वाटी जेवणाच्या वेळी पोचली होती. अण्णांना ठेचा आवडे. त्यानंतर त्यांना काय होतं, हेही बाईंच्या नोंदीत होतं.

पडद्यावरच्या चाळीस रेषा एकदम उसळल्या. मग शांत झाल्या. पुन्हा उसळल्या.

"हे काय?" वसुधाताई पुढे झुकल्या.

"उचकी," अनसूयाबाई म्हणाल्या. "चाळीस हृदयं नाहीत ताई. एकच आहे. पलीकडच्या बोळात, तिसरं दार. भिकाजी डोईफोडे."

पुन्हा चाळीस रेषांना उचकी लागली. वसुधाताई आधी हसल्या, मग सभागृह हसलं, आणि अष्टपुत्र्यांचं टक्कल नियंत्रणकक्षातल्या धोक्याच्या दिव्याच्या रंगाचं झालं. हे हसू बाईंना वर्षभर ठाऊक होतं. फक्त आज ते योग्य पत्त्यावर पोचलं होतं.

तिथेच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सुडाचं एका घोटाने भागत नाही.

"नाडीऐवजी तुम्ही वाट्या पाहिल्या असत्यात, डॉक्टर," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तर ती तीन कुटुंबं जाणार हे तुम्हाला दिवाळीतच कळलं असतं. मला कळलं होतं. वाटी खोटं बोलत नाही!"

हे वाक्य उच्चारताना आपण ते कुठे ऐकलंय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

निकाल तिथल्या तिथे लागला. अष्टपुत्रे हरितगृहात, मेथीच्या वाफ्यावर. अनसूयाबाई संचालक. नोंदी सुरक्षित. पट्ट्या भंगारात. "आणि खिडक्या," वसुधाताई यानात चढता चढता म्हणाल्या, "तुमच्या वाट्यांच्या पद्धतीनेच वाटा, घोलप. जिथे खरा शेजार, तिथे चांगली खिडकी. शास्त्रीय आहे अगदी."

बाईंनी नको म्हणायला तोंड उघडलं. पण खाली अष्टपुत्रे मेथीचं घमेलं घेऊन उभे होते. बाई म्हणाल्या, "जरूर, ताई."

महिनाभरात सोमवाडीत वाट्यांचा पूर आला. बोळांतून चालायला वाट राहीना. शेजारी शेजाऱ्याला बासुंदी देई, शेजारी श्रीखंड परत करी, आणि दोघंही दार लावून एकमेकांना शिव्या घालत. बाईंनी पाठवलेली प्रत्येक वाटी शिगोशीग भरून परत येई. ज्यांना दिलेला शब्द बाईंनी मोडला होता, त्यांच्या घरातून तर काजूकतली. अण्णांकडूनही आली. सोबत निरोप : "बाई खूश ना? आमची खिडकी सांभाळा."

बाईंनी नोंदी पाहिल्या. सगळा आलेख हिरवागार. कोण दुखावलंय, कोण जाणार आहे, कोणाला त्यांचं तोंड पाहवत नाही, काही म्हणता काही कळेना. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाडीतलं एकही माणूस वाचता येत नव्हतं.

अपवाद फक्त एक. हरितगृहात त्यांनी संचालकांच्या रीतीने शिऱ्याची वाटी पाठवली होती. ती परत आली. घासलेली, लख्ख, ठणठणीत रिकामी.

बाईंनी ती हातात धरली, आणि कित्येक दिवसांनी त्यांना बरं वाटलं. सबंध चंद्रावर एक तरी माप खरं होतं. त्या दर आठवड्याला शिरा पाठवू लागल्या. दर आठवड्याला रिकामी वाटी येई, आणि बाई ती नोंदींच्या वर ठेवत, उशाशी घड्याळ ठेवावं तशी.

शेवटी राहवेना, तेव्हा त्या स्वतः हरितगृहात गेल्या. अष्टपुत्रे वाफ्यात उकिडवे बसून मेथी उपटत होते. मुळासकट.

"डॉक्टर, एक सांगायला आले. सगळी वाडी मला खोट्या वाट्या पाठवते. तुमची तेवढी खरी. तिच्याच आधारावर माझं शास्त्र उभं आहे आता. तुम्ही माझा खरा तिरस्कार करता. आभारी आहे."

अष्टपुत्र्यांनी हात झटकले आणि मान वर केली. मग छान हसले.

"मापबाधा म्हणाला होतात ना तुम्ही?"

"हो. का?"

"काही नाही. चांगला शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी हरितगृहातून वाटी आली. काठोकाठ भरलेली, वरून तुपाची धार, आणि मेथीच्या वड्यांवर कोथिंबिरीचं एकच पान अगदी प्रेमाने ठेवलेलं.