चार चाकांची हवा

"चहा संपवा आधी. मध्येच कुणी उठायचं नाही," गॅरेजचं शटर अर्धं ओढून मिस्त्री म्हणाले. समोर जुन्या टायरांवर तीन तरुण ड्रायव्हर बसले होते. "ऐकीव नाही हे. ज्याच्यावर हे गुदरलं, तो माझं गिऱ्हाईक. त्याचा पिकअप ट्रक मीच सांभाळतो."

दोघे भाऊ. रस्ता सोडून गाडी हाणायचं दोघांनाही वेड, पण थोरला कायद्याचा पक्का. कुणाच्या शेतात चाक घालायचं नाही, राखीव जंगलाकडे बघायचंसुद्धा नाही. मोकळी सरकारी जागा मिळावी म्हणून त्यानं वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी पत्र आलं. नदीच्या कोरड्या पात्रातला, पांढऱ्या खांबांमधला पट्टा सगळ्यांना खुला, रात्री दहापर्यंत. दहाला वरच्या धरणाचं पाणी सोडतात. पत्र आलं, तेव्हा थोरल्याला जाऊन नऊ दिवस झाले होते.

धाकटा रडला नाही. जेवायचा, कामावर जायचा, कुणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचा. आतून सगळं बधिर. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एकदा तरी जाऊन या. किती धावपळ केली होती त्यांनी." म्हणून गेला. नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. मिस्त्रींनी दुपारीच नवा क्लच टाकून दिला होता, तोही बघून होणार होता.

नऊ वीसला ट्रक वाळूत उतरला आणि शंभर पावलांत रुतला. रेस दिली की चाकं आणखी खाली.

"वाळूत चाकं पसरायला हवा नव्हती का कमी केली?" एका ड्रायव्हरनं विचारलं. "माझा पुतण्यासुद्धा करतो."

"अरे शहाण्या, ते काम थोरल्याचं! वीस वर्षं, वाळू आली की तो उतरायचा, चारही चाकांची हवा सोडायचा. हा नुसता स्टिअरिंग धरून बसायचा. त्या रात्रीही तसाच बसून राहिला. सवयीनं. त्याची वाट बघत."

मग आठवलं, दादा आता नाही. तरी उठावंसं वाटेना. पावणेदहा झाले. भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. येऊ दे पाणी, एवढंच मनात आलं. त्यानं इंजिन बंद केलं.

कुठेच आवाज नाही.

मग पुढच्या डाव्या चाकाशी... फुस्स.

थांबलं. वाळूत पावलं. मागचं डावं... फुस्स.

त्यानं आरशात पाहिलं नाही. मागचं उजवं. मग अगदी त्याच्या दाराखाली...

"दादा?"

बॉनेटवर दोन थापा पडल्या. 'निघ' म्हणायची थोरल्याची तीच रीत.

त्यानं चावी फिरवली. ट्रक अलगद वर आला. काठावर पोचला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मागून पाण्याचा आवाज येत होता...

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला.

"सकाळी तसाच इथे आला. अंगात रात्रीचाच शर्ट. मी हवा भरायला बसलो. चारही चाकांत अठरा पौंड, थोरला ठेवायचा तेवढीच. ना एक कमी, ना एक जास्त. आणि व्हॉल्व्हवर एकही टोपण नाही. म्हटलं, 'टोपणं कुठे टाकलीस रे?' तर म्हणतो, 'मिस्त्री, मी खाली उतरलोच नाही हो.' आणि लागला रडायला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. धाय मोकलून. रुमालासाठी शर्टाच्या खिशात हात घातला..."

"मग?"

"चार टोपणं. वाळूनं माखलेली. खिशाचं बटण त्यानं माझ्यासमोर काढलं होतं."