तोंड पाडून यायचं असतं

माझ्या कोपऱ्यात कुणीतरी होतं.

केटल लेकवरचा बर्फ नुकताच गेला होता. काठाच्या सावलीत त्याचे तुकडे अजून कुरकुरत होते, आणि मी ऊन चढेपर्यंत कशीबशी कळ काढून होडी वल्हवत निघाले होते. उत्तर काठाला दोन खडकांच्या आड माझा कोपरा आहे. तळाशी काळा कातळ, त्यामुळे वसंतात पाणी सगळ्यांत आधी तिथं कोमट होतं आणि बास मासे सगळ्यांत आधी तिथं येतात. बाबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी तो मला देऊन टाकला, लेकीला दागिना द्यावा तसा. आमच्याकडे मासे लागायची जागा कुणी कुणाला सांगत नाही. सख्ख्या भावाला नाही, आणि नवऱ्यालाही लग्न चांगलं मुरल्याशिवाय नाही.

आणि तिथं ही हिरवी होडी! आत लोकरीची टोपी घातलेला एक उंच मुलगा, आणि तो गळाच्या काठीचं रीळ असं गरागरा फिरवत होता की आमिष बिचारं धापा टाकत असेल. मी खरं तर भांडायला गेले होते, पण हसूच आलं.

“हा जुलै नाहीये,” मी म्हणाले. “गार पाण्यात माशाला एवढं पळवतं का कुणी?”

त्यानं वळून पाहिलं. राखाडी डोळे… आणि त्यात राग नाही, नुसतं कुतूहल. “मग काय करायचं?”

“एक हलकासा हिसका द्यायचा. आणि मग काही नाही.”

“काहीच नाही?”

“कंटाळा येईपर्यंत थांबायचं. मग अजून थोडं थांबायचं.”

बहुतेक पुरुष इथं वाद घालतात. हा थांबला. पाण्यात ते आमिष निश्चल लटकत राहिलं, आम्ही दोघं श्वास धरून बसलो… आणि काठी वाकली. काय मासा होता म्हणून सांगू! नावाला लहान तोंडाचा बास, पण अंगात मस्ती केवढी. काशाच्या रंगाचं अंग, लाल डोळा, आणि पाण्याबाहेर अशी उडी की थेंब माझ्या तोंडावर आले. मुलगा ओरडला नाही. त्यानं आधी हात त्या बर्फगार पाण्यात भिजवले, कारण कोरड्या हातानं माशाचं अंग सोलवटतं. मग गळ काढला, आणि मासा आपणहून निघेपर्यंत त्याला पाण्यात अलगद धरून ठेवलं. बोटं लाल झाली तरी त्यानं घाई केली नाही. माझं तिथंच काहीतरी झालं, आता लपवून काय उपयोग.

त्याचं नाव आर्विद. सरहद्दीपलीकडच्या, कॅनडातल्या ओंटारिओतला, आमच्या धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला आला होता. वाऱ्यानं ढकललं म्हणून इथं पोचलो, म्हणाला. मी त्याला शपथ घ्यायला लावली की ही जागा कुणाला कळता कामा नये.

“शपथ कुणाची?”

“आत्ता सोडलास त्या माशाची.”

त्यानं टोपी काढून, अगदी गंभीर चेहऱ्यानं शपथ घेतली.

मग आम्ही रोजच भेटायला लागलो. मी वेलदोड्याचा पाव न्यायचे, तो थर्मासभर कॉफी आणायचा आणि कप मात्र मुद्दाम एकच आणायचा, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गावाकडच्या तळ्यात त्याचीही एक जागा होती म्हणे. मी विचारलं नाही. आमच्यात तसं विचारणं म्हणजे उद्धटपणा.

आणि एका सकाळी माझ्या कोपऱ्यात तीन मोटरबोटी उभ्या! बासचे नर नुकते शेपटीनं तळाची खडी झाडून घरटी करायला लागले होते. घरट्यावर पहारा देणारा नर उचलला की लहान मासे क्षणात अंडी फस्त करतात, आणि अशी गर्दी राहिली तर बाबांचा कोपरा दोन-चार वसंतांत ओसाड पडला असता.

मी तडक धक्क्यावर गेले. “तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं,” मी म्हणाले.

आर्विदचे हात तेलानं बरबटलेले होते. “मी नाही सांगितलं, हेल्मी.”

मी आणखी बरंच बोलले. तो परत इंजिनात वाकला, आणि मला ती कबुलीच वाटली. त्यानंतर मी धक्क्याकडे फिरकलेच नाही. पाव एकटीनंच खाल्ला, कॉफीशिवाय.

पुढच्या आठवड्यात बोटी अचानक गायब झाल्या. मी गळ आणायला वाइनोकाकांच्या दुकानात गेले आणि न राहवून विचारलं, माझ्या मागावर लोकांना कुणी धाडलं होतं?

“धाडायला कशाला हवं?” काका म्हणाले. “दरवर्षी तू इथं येतेस ती तोंड पाडून. काय लागलं विचारलं की, काही नाही काका. आणि या वसंतात? गुणगुणतेस काय, एकटीच हसतेस काय. सगळ्यांनी ओळखलं, पोरीला घबाड लागलंय.”

माझे कान तापले. तळ्यावरून येताना तोंड पाडून यायचं असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मी…

“मग आता गेले कुठं सगळे?”

“पूर्व टोकाला. तो इंजिनवाला रोज संध्याकाळी तिथं बसतो, कानापर्यंत हसत. जबरी काहीतरी लागत असणार.”

पूर्व टोक म्हणजे खोल, काळं, बर्फासारखं पाणी. उन्हाळ्याआधी तिथं बास औषधाला सापडत नाही. हे आर्विदला पक्कं ठाऊक होतं, कारण ते मीच त्याला सांगितलं होतं.

मी इतक्या जोरात वल्हं कधी मारलं नसेल. तो तिथं होता. ओठ निळे, अंग कुडकुडतंय, आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. भोवती जरा अंतर राखून सात-आठ बोटी. मी माझी होडी त्याच्या होडीला लावली.

“गाल दुखत असतील,” मी हळूच म्हणाले.

“फार,” हसू जराही न हलवता तो म्हणाला. “पण पिल्लं बाहेर पडेपर्यंत हसावं लागणार.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू ऐकत होतीस कुठं?”

खरं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “आर्विद, माझ्यामुळेच कळलं त्यांना. मी हसत घरी जात होते.”

“साहजिक आहे. मासे छान लागत होते.”

“मासे दरवर्षीच लागतात रे…”

एवढं बोलून मी गप्प झाले. थांबले, मग अजून थोडी थांबले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड थांबणं होतं ते. त्याचं ते बळंच आणलेलं हसू आधी विरलं. मग त्यानं गार बोटांनी माझा हात धरला आणि कानाशी वाकला.

“आमच्या गावच्या तळ्यात, पडक्या लाकूडगिरणीच्या मागं,” तो कुजबुजला, “दोन बुडालेल्या ओंडक्यांच्या मधे. माझी जागा. कुणालाच सांगितली नव्हती.”

मी त्याच्याकडे पाहिलं. आता तो खरंच हसत होता, आणि मीही. तेवढ्यात मागं बोटींची इंजिनं घुरघुरली. दोघं मिळून एवढे हसतायत म्हटल्यावर सगळ्या बोटी आमच्याकडेच यायला निघाल्या होत्या.