जावयाचा पहारेकरी

दसऱ्याचं हळदकुंकू अजून अंगावर असलेला एक सीपीयू छातीशी कवटाळून तो माझ्या दुकानात शिरला, तेव्हा बाहेर पाऊस सुरू होता. ऑक्टोबरातला, कोणी न बोलावलेला. तो स्वतः चिंब भिजला होता… सीपीयू मात्र दुपट्ट्यात गुंडाळलेला, कोरडाठाक.

“मॅडम, फॉरमॅट मारणार असान त आत्ताच सांगा. मी जातो.”

घाटंजीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एक मुलगी चालवते याचंच लोकांना नवल. हा तर आल्या आल्या मला अट घालत होता!

“काहून? फॉरमॅट मारलं त काय होते?”

“चालू होते ना जी. पण काय झालतं ते मंग कधीच कळत नाई.” त्याने केसांतलं पाणी झटकलं. “कोणी हात लावत नाई, तरी दिवसभर धापा टाकून राह्यला हा. कायले? मले ते पाह्यचं आहे.”

आता काय सांगू! माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला फक्त ‘कधी देता’ एवढंच हवं असतं. कशाने झालं असेल, हे विचारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. मी खुर्ची पुढे सरकवली आणि तो माझ्या शेजारी बसला. मी माझं नाव सांगितलं, निशिगंधा. त्याचं कपिल. बाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं.

मी मॉनिटर जोडला. एकही प्रोग्रॅम उघडा नव्हता, तरी पंखा घोंगावत होता. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, तर मागे गुपचूप चालणारी एक सर्व्हिस जवळजवळ सगळा प्रोसेसर एकटीच खात होती.

“कोण आहे हे?” तो स्क्रीनवर वाकला.

“व्हायरस पकडणारी. पहारेकरी समजा.” मी ती बंद केली. पंखा हळूहळू शांत झाला.

“सापडला चोर!”

“थांबा ना… एवढ्यात आळ नका घेऊ कोणावर.”

कारण तसलीच आणखी एक सर्व्हिस मला यादीत दिसत होती. मी पहिली पुन्हा सुरू केली आणि दुसरी बंद केली. पंखा शांतच! आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग दोन्ही सुरू केल्या, आणि घरघर परत आली.

“म्हणजे एकटी असली त दोघीही गुणी?” त्याचे डोळे चमकत होते.

“हो! पहिली एक फाइल तपासाले उघडते. दुसरीले वाटते, ही फाइल कोणी उघडली? म्हणून ते तपासते. मंग पहिलीले तिचाच संशय येते…”

तो इतका मोकळा हसला की मी कारण नसताना कीबोर्ड पुसायला घेतला.

“पण दोन दोन टाकले कायले?” मी विचारलं.

त्याचं हसू मावळलं. “एक मामानं टाकलं. अन् दुसरं भाऊजीनं, माह्या ताईच्या मिस्टरनं. मामाचं काढलं त मामा रुसतीन. अन् जावयाचं काढलेलं त आईले चालणारच नाई.”

मी कपाळावर हात मारला. जावईबापूंची सर्व्हिस तात्पुरती बंद करून दिली, ती कशी बंद करायची तेही शिकवलं. मशीन पुन्हा चालू केली की ती आपोआप उठून बसणार, कायमचं काढायचं तर घरी विचारून या, असं बजावलं.

तो आला. घरी न विचारता आला. पाऊस गेला, शेतांत कापूस फुटू लागला, आणि हा आपला तोच सीपीयू घेऊन येतच राहिला. आता मलाही शोध लावल्याशिवाय राहवेना.

“बंद कराले शिकवलं होतं ना मी तुमाले?”

“शिकवलं होतं.”

“जमत नाई?”

“जमते.”

“मग?”

सीपीयूच्या जाळीत अडकलेली झेंडूची पाकळी तो नखाने काढत राहिला. “मग… इथं येणं झालं नसतं ना.”

त्या दिवशी मी स्वतःचाच पासवर्ड दोनदा चुकीचा टाकला.

पुढच्या वेळी मात्र तो खुर्चीवर बसलाच नाही. “रविवारी महागावले जाणं आहे. मुलगी पाह्याले. भाऊजीनं आणलेलं स्थळ आहे.”

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “तुमाले जायचं आहे?”

“नाई.”

“मग नाई म्हणा.”

“भाऊजीले वाईट वाटीन. आई त बोलणारच नाई माह्याशी…”

मला रडूही येत होतं आणि रागही. राग आधी बाहेर पडला. “एक सॉफ्टवेअर काढवत नाई तुमच्याच्यानं! आता त्याईनं आणलेली बायकोही अशीच ठेवून घ्यान?”

तो सीपीयू उचलून गेला. मी त्याच्या प्रेमात पडले होते, पुरती, आणि ते मला त्याची पाठ दिसल्यावर कळलं.

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. “आमच्या दुकानात येता का? काढाचं आहे.” कुणाचं, ते बोलला नाही.

गेले, तर घनश्यामभाऊजी खुर्चीत ऐसपैस बसलेले, उद्यासाठीच आलेले. कपिलची आई विमलताई चहा घेऊन येत होत्या. मी कॉम्प्युटरसमोर बसले. कपिल माझ्या मागे उभा राहिला.

“भाऊजी, तुमी टाकलेलं काढून राह्यलो. मामाचं ठेवतो.”

विमलताईंच्या हातातली कपबशी वाजली.

“काढ ना बावा!” भाऊजी म्हणाले. “मले त आठवतही नाई कधी टाकलं.”

कपिलने दम घेतला. “अन् उद्या महागावले येत नाई मी.”

आता भाऊजी ताठ झाले. “शब्द देल्ला मी त्याईले. काहून येत नाई?”

“मले निशिगंधा आवडते. तिले अजून विचारलं नाई… पण आवडते.”

माझा हात माउसवरच राहिला. भाऊजी उठले, पायांत चपला सरकवून बाहेर गेले. “जावई उठून गेले रे!” विमलताई मटकन खाली बसल्या. कपिल पांढराफटक पडला होता, पण जागचा हलला नाही.

बाहेरून भाऊजींचा आवाज येऊ लागला. ते फोनवर होते. “हो जी… नाई येत पोरगा. चूक माही आहे, त्याले न विचारता शब्द देल्ला मी… हो जी… बोला, बोला तुमी…”

पलीकडचा बराच वेळ बोलत असावा. मग भाऊजी आत आले आणि खुर्चीत बसले.

“खाल्ल्या शिव्या. आता चहा तरी द्या.” मग कपिलकडे वळून म्हणाले, “अन् तिले तू विचारतं, का तेबी मीच विचारू?”

कपिल माझ्यासमोर आला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“मी… आवडतो का तुले?”

तुमाले नाही. तुले! आईसमोर, भाऊजींसमोर.

“लय आवडतो,” मी म्हटलं.