दोन ठोके म्हणजे ठीक

ही गोष्ट खरी आहे, पण मी शपथेवर सांगणार नाही. शपथेवर सांगितलेल्या गोष्टी किती खऱ्या असतात, हे सरकारी अहवाल वाचून मला चांगलं कळलंय. एवढंच सांगतो, की ज्याच्यावर हे बेतलं तो वेंडेल माझा सख्खा शेजारी आहे. तेवीस हिवाळे आम्ही एकमेकांच्या दारातला बर्फ उपसत आलोय. या माणसाला थाप मारायची झाली, तर तो आधी तिचा फॉर्म भरेल.

दिवस मंगळवार. महिना जानेवारी. ठिकाण, नॉर्थ डकोटातल्या हवाई दलाच्या तळावरचं चार नंबरचं हँगर.

वेळ दुपारी दोनची.

हो, दुपारी. अमावास्या नव्हती, कुत्री रडत नव्हती. दिवे लख्ख होते आणि रेडिओवर गुरांचे बाजारभाव चालू होते. भीती वाटावी असं तिथं काहीच नव्हतं. वेंडेलला आजही जास्त त्रास त्याचाच होतो.

वेंडेलचं आडनाव डॉक्टर. इथल्या जर्मन घराण्यांत ते असतं. पेशा मात्र विमानांच्या पोटात शिरण्याचा. त्याच्याकडे तीस वर्षं एकच पेशंट होती. तिचं नाव लोरेन.

लोरेन म्हणजे आठ इंजिनांचं बॉम्बर विमान. वेंडेलपेक्षा वयानं मोठं. तिचे निम्मे सुटे भाग बनवणारे कारखाने केव्हाच बंद पडले होते. मग वाळवंटात उभ्या करून ठेवलेल्या तिच्या मेलेल्या बहिणींच्या अंगावरून तुकडे काढून आणायचे. ते बसायचे नाहीत, कारण प्रत्येक बहीण हातानं घडवलेली, प्रत्येकीचं भोक दोन केस इकडे किंवा तिकडे. मग कानस घेऊन बसायचं. तिच्या पत्र्यांच्या आतल्या बाजूला जुन्या मेकॅनिकांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. एके ठिकाणी होतं, 'इथं हात घालू नका. मी घातला होता. मार्च ६८.'

शेजारच्या पाच नंबरच्या हँगरमध्ये नवी विमानं. त्यांना काही झालं की ती स्वतःच सांगतात. पडद्यावर येतं, सात नंबरचा डबा बिघडला. तो ओढून काढायचा, नवा सरकवायचा. खट्ट. वीस मिनिटांत काम संपलं. जुना डबा सीलबंद करून कंपनीकडे पाठवायचा. आत काय असतं ते विचारायचं नाही. सील तोडलं तर नोकरी गेली.

"याला मेकॅनिक कशाला लागतो?" वेंडेल म्हणायचा. "पोस्टमन ठेवा."

आता मुद्द्याचं.

लोरेनच्या पंखात इंधनाच्या टाक्या होत्या. गळती शोधायची, तर टाकी रिकामी करून माणसानं पोटावर सरपटत आत जायचं. आत अंधार, उरलेल्या इंधनाची वाफ, आणि अंग वळवायलाही जागा नाही. बाहेर दुसऱ्या माणसानं थांबायचं. त्यानं दर पाच मिनिटांनी खालून टाकीवर एक ठोका द्यायचा.

एक ठोका म्हणजे, ठीक आहेस ना?

आतल्यानं दोन द्यायचे. म्हणजे, ठीक.

तीन म्हणजे, मला बाहेर काढा.

लोखंडानं ठिणगी पडते, म्हणून ठोकायला लाकडी दांडकं होतं. कुऱ्हाडीच्या दांड्याचा वीतभर तुकडा. त्यावर तापल्या खिळ्यानं दोन अक्षरं कोरलेली. एच. ओ.

हार्लन ओडेगार्ड.

हा हार्लन लोरेनचा जुना मेकॅनिक. एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत तो तिच्या टाकीत शिरला आणि तिथंच गेला. बाहेरचा माणूस कॉफी आणायला गेला होता. कागदावर लिहिलंय, हृदय बंद पडलं. खोटं म्हणता येणार नाही. शेवटी सगळ्यांचं तेच बंद पडतं.

ठोक्यांची पद्धत क्विगली नावाच्या नव्या साहेबानं बंद केली. तो पाच नंबरच्या हँगरमधून बढती घेऊन आला होता.

"वेंडेल, हे काय? तुम्ही कुणाचं दार ठोठावताय?"

"साहेब, आत माणूस असतो."

"माणसाच्या पट्ट्याला आता डबी असते. हवा खराब झाली की डबी ओरडते. तुमच्या हातातल्या टॅबलेटवर लाल होतं. हिरवं आहे तोवर माणूस ठीक. कळलं?"

"कळलं," वेंडेल म्हणाला. दांडकं मात्र त्यानं खिशात ठेवलं.

त्या मंगळवारी त्याच टाकीत जायची पाळी रॉक्सॅन बीलरची होती. चाळिशीची, बारकी, तोंडाची फटकळ. पंधरा वर्षं वेंडेलच्या जोडीला. दीड वाजता ती झाकणाच्या भोकात शिरली.

"डॉक्टर, माझे पाय दिसेनासे झाले की रडू नकोस."

"रडतो कशाला? तुझ्या डब्यातलं सूप संपवतो."

"हात तर लावून बघ! आईनं केलंय, पिठाच्या गोळ्यांचं क्नेफ्ला आहे. चमचे मोजून ठेवलेत मी."

पाय आत गेले.

पाच मिनिटांनी वेंडेलनं खालून ठोका दिला.

आतून उत्तर आलं. ठक… टक.

एक जोरात, एक हळू. रॉक्सॅन उजव्या हातात फडकं धरायची आणि डाव्या हातातल्या प्लास्टिकच्या टॉर्चच्या बुडानं ठोकायची, वैतागून. दुसऱ्या ठोक्याला तिचा हात दमलेला असायचा. पंधरा वर्षं ते तसंच होतं.

ठक… टक. ठक… टक.

पावणेदोनला कुणीतरी हीटरची गाडी आत घ्यायला हँगरचं मोठं दार उघडलं. बाहेर उणे एकतीस. वारा आत घुसला. वेंडेलनं कॉलर वर केली आणि टॅबलेटकडे पाहिलं.

हिरवं.

दोन वाजता त्यानं ठोका दिला.

ठक. ठक.

ठीक आहे.

दोन वाजून पाच मिनिटं. ठक. ठक.

दोन वाजून दहा. ठक. ठक.

रेडिओवर बैलांचा भाव वर गेला होता. टॅबलेट हिरवा होता. पण वेंडेलला करमेना. पाय एका जागी ठरेनात. काहीतरी राहिलं होतं… गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यावर वाटतं, तसं.

सव्वादोनला त्यानं पुन्हा ठोका दिला.

ठक. ठक.

आणि त्याच्या लक्षात आलं.

दोन्ही ठोके सारखे होते.

एकाच जोराचे. मध्ये मोजून तेवढंच अंतर. कवायतीत पाय पडावेत तसे. रॉक्सॅननं जन्मात असे ठोके दिले नव्हते.

"रॉक्सॅन!"

उत्तर नाही.

तिचे खांदे असतील त्या जागेखाली जाऊन त्यानं ठोकलं.

काही नाही.

पुन्हा ठोकलं.

काही नाही…

मग उत्तर आलं. लांबून. पंखाच्या टोकाकडून.

ठक. ठक.

टोकाकडे टाकी निमुळती होत जाते. शेवटी तिची उंची वीतभर उरते. तिथं मांजरसुद्धा मावत नाही.

वेंडेल भिंतीवरच्या फोनकडे धावला.

"साहेब, रॉक्सॅनला बाहेर काढायला पाहिजे."

"टॅबलेट काय म्हणतोय?"

"हिरवा आहे."

"ती उत्तर देतेय?"

"उत्तर येतंय."

"मग?"

"ते तिचं नाही."



"वेंडेल," क्विगली अगदी मायेनं म्हणाला, "तुम्ही जेवलात का आज?"

तेवढ्यात मागून आवाज आला.

ठक. ठक.

दांडकं वेंडेलच्या हातात होतं. त्यानं ठोकलंच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानं फोन तसाच लोंबकळत सोडला आणि धोक्याची घंटा ओढली.

रॉक्सॅनला दोन बंबवाल्यांनी घोट्यांना धरून ओढून काढलं. ओठ निळे पडले होते. श्वास होता, पण शोधावा लागला. एकजण म्हणाला, अजून पाच मिनिटं गेली असती तर ओढायची घाई नव्हती.

चौकशी झाली. टाकीत हवा सोडणारा पाईप दार उघडल्यावर थंडीनं ताठ झाला आणि हीटरच्या गाडीच्या चाकाखाली दुमडला. वेंडेलपासून चार पावलांवर. तो टॅबलेट बघत होता. डबीतला एक भाग त्याच सकाळी बदलला होता. जुना ओढून काढला, नवा सरकवला, खट्ट. पण नव्यानं जुन्याचाच आकडा धरून ठेवला होता. डबी सकाळपासून कालची हवा मोजत होती. कालची हवा चांगली होती.

तिसऱ्या दिवशी वेंडेल इस्पितळात गेला.

"माझं सूप खाल्लंस ना, डॉक्टर?"

"नाही."

"मेल्या, मग वाया घालवलंस."

तो हसला नाही. "रॉक्सॅन, दोन वाजल्यानंतर तू उत्तरं कशी दिलीस?"

"कसली उत्तरं?" तिच्या चेहऱ्यावरची चेष्टा गेली. "तुझा दोन वाजताचा ठोका ऐकला मी. डोकं जड झालं होतं, हात उचलत नव्हता. तरी ठोकले. तीन."

"दोन."

"तीन, डॉक्टर. मी मोजून तीन दिले. मग टॉर्च सुटला हातातून. पुढचं काही आठवत नाही." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तू आला का नाहीस?"

आपल्या भाषेत थापेचे दोन अर्थ आहेत. वेंडेलला मराठी येत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

त्यानं मला हे सांगितलं, तेव्हा मी जो कुणीही म्हणेल तेच म्हटलं. हार्लननं सावध केलं असेल तुला.

"सावध करायचं तर तीन दिले असते," तो म्हणाला.

"मग काय, तिला मारायचं होतं त्याला?"

"नाही रे. हार्लन भला माणूस होता म्हणतात." वेंडेल म्हणाला. "मी विचारलं, ठीक आहेस ना. त्यानं सांगितलं, ठीक. स्वतःचं सांगितलं त्यानं. त्याला कुठं माहीत, मी दुसऱ्या कुणाला विचारतोय?"

मग म्हणाला, "तीस वर्षं मी ठोके देतोय. त्यातले किती जिवंत माणसानं दिले, आता कुणाला विचारू?"

मे महिन्यात लोरेनला वाळवंटात नेऊन उभं करायचं ठरलं. आदल्या दिवशी वेंडेलनं ते दांडकं त्याच टाकीत ठेवलं आणि झाकणाचे बोल्ट स्वतः आवळले. अवजारांच्या मोजणीत काही कमी भरलं नाही. दांडकं कुठल्या यादीत नव्हतंच. लोरेन उडाली, दक्षिणेकडे वळली, दिसेनाशी झाली.

वेंडेलला पाच नंबरच्या हँगरमध्ये घेतलं. नव्या विमानात लोरेनचा एक स्क्रूसुद्धा नाही. टाकीत कुणी शिरत नाही. क्विगली त्याला म्हणाला, "आता कसं सुटसुटीत वाटतंय ना?"

वाटत होतं. ऑक्टोबरपर्यंत.

ऑक्टोबरात एका दुपारी पडद्यावर सात नंबरचा डबा आला. वेंडेलनं जुना काढला, नवा सरकवला. खट्ट. पडद्यावर सगळं हिरवं झालं. तो झाकण लावायला वाकला…

आतून आवाज आला.

ठक.

सीलबंद डबा. जेवणाच्या डब्याएवढा. आत नुसत्या तारा आणि पट्ट्या.

आवाज लाकडाचा होता.

आणि एकच.

वेंडेल पाच मिनिटं तिथंच वाकून उभा राहिला. घड्याळ बघत.

ठक.

एक ठोका कोण देतं, ते त्याला माहीत होतं. बाहेरचा देतो. आतल्याला विचारायला.

त्यानं मागं वळून हँगर पाहिलं. दिवे, शिड्या, माणसं, चकचकीत फरशी. सगळं जागच्या जागी. मग बोटाच्या पेरानं त्यानं डब्यावर दोनदा ठोकलं. सवयीनं, तो म्हणतो. दुसरं काय करणार?

डबा त्यानं कंपनीकडे परत पाठवला नाही. बिघाड म्हणून काय लिहायचं? तो ठीक चालतोय.

गेल्या रविवारी आम्ही दोघं माझ्या दारातला बर्फ उपसत होतो. वारा पडला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वेंडेल एकदम थांबला. मान वर करून कान दिला. मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्यानं फावडं उलटं धरलं आणि त्याच्या लाकडी दांड्यानं माझ्या पायरीच्या कठड्यावर दोनदा ठोकलं. एकाच जोराचे ठोके. मध्ये मोजून तेवढंच अंतर.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि पुन्हा बर्फ उपसायला लागला.

मी काही विचारलं नव्हतं.