राखीव चेंडू

धारगळच्या फुटबॉल मैदानावर त्या रविवारी एकाच वेळी दोन चेंडू खेळत होते. एक करवंदीच्या जाळीत गेला म्हणून कमलाक्षीने झटकन दुसरा आत भिरकावला. तेवढ्यात कुणीतरी जाळीतला काढून फेकला. दोन्ही संघ आपापला चेंडू घेऊन सुसाट निघाले, आणि लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

शिट्टी वाजली. डिचोलीहून आलेला पंच कृष्णनाथ घाम पुसत थेट तिच्यापुढे येऊन उभा राहिला. कमलाक्षी शाळेत खेळ शिकवायची, म्हणून रस्त्याकडच्या रेषेवर राखीव चेंडू सांभाळायचं काम तिच्याकडे आलं होतं.

"टीचर, मी मान हलयल्याशिवाय दुसरो बॉल आत टाकूचो नाय."

"आणि तुमी मान हलवूक इसारल्यात तर?"

"समोर तुमी आसल्यार..." तो अडखळला, "इसारतलंय खरो."

कमलाक्षीचे कान लाल झाले.

त्यानंतर चार रविवार गेले. काजूच्या बोंडांचा वास मैदानभर पसरलेला असे आणि कृष्णनाथ तासभर आधीच हजर. तो एकेक चेंडू अंगठ्याने दाबून पाही आणि तिच्या हातात देई... देताना बोटं जराशी रेंगाळत. चेंडू तपासायला तासभर लागत नाही हे अख्ख्या गावाला कळत होतं. आपलं कुणाला काही कळत नाही, असं फक्त त्या दोघांना वाटायचं.

स्पर्धेचा अंतिम सामना धारगळ आणि मांद्रे या दोन गावांचा. धारगळचा कप्तान जयराम, कमलाक्षीचा सख्खा भाऊ.

"आज तुझो गाव खेळता," कृष्णनाथ म्हणाला. "पण ह्या रेषेवर तू गावाची न्हय. मी मान हलयली की बॉल देवचो. कोणाकय."

"तितक्या कळता माका."

"आणि मॅच सोपली की... तुका एक विचारूचा आसा."

"आताच विचार मरे!"

"शिट्टी हातात आसताना? नाय."

तो काय विचारणार हे तिला ठाऊक होतं. 'हो' म्हणायचं, हे तर तिने मागच्याच रविवारी ठरवून टाकलं होतं.

धारगळची एक जुनी खोड होती. गाव एका गोलाने पुढे असला की शेवटी शेवटी चेंडू सापडेनासे होत. त्या दिवशीही गाव एका गोलाने पुढे होता, आणि पाच मिनिटं उरली असताना चेंडू हमरस्त्यापलीकडे गेला. मांद्र्याचा खेळाडू हात पसरून तिच्यापुढे आला. कृष्णनाथने तिच्याकडे पाहून मान हलवली.

"कमळ, देव नको गो!" जयराम ओरडला, आणि मागून सगळा गाव.

चेंडू तिच्या काखेत होता. नुसता पुढे करायचा होता. पण ती खाली वाकली आणि बुटाची नीट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

कृष्णनाथ धावत आला. त्याने तिच्या काखेतला चेंडू स्वतः काढून घेतला, घड्याळ पाहिलं आणि चेंडू मांद्र्याच्या खेळाडूकडे टाकून तो मैदानात परतला. वाया गेलेली मिनिटं त्याने मांद्र्याला भरून दिली. त्यांचा चेंडू खांबावर आदळला, आणि धारगळ जिंकला.

फटाके फुटत होते. हमरस्त्यापलीकडून आणलेला चेंडू परत करायला ती त्याच्यापाशी गेली. सवयीने त्याने तो अंगठ्याने दाबून पाहिला.

"मी मान हलयली ती बघलंस मा तू?"

'नाय' म्हटलं असतं तर ती सुटली असती. त्यालाही तेच ऐकायचं होतं, त्याच्या डोळ्यांत ते दिसत होतं. पण त्याच्याशी खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"बघलंय," ती म्हणाली. मग हळूच, "आणि... दुसरा काय ता विचारूचा होता?"

"ऱ्हवांदी आता ता," राहू दे असा हात हलवत तो म्हणाला. पिशवी खांद्याला लावून तो डिचोलीच्या बसकडे चालू लागला. तिला हाक मारायची होती, पण कोणत्या तोंडाने मारणार?

पुढच्या वर्षी पंच दुसराच आला. कमलाक्षी त्याच रेषेवर उभी राहिली. धारगळ एका गोलाने पुढे होता, गाव मागून ओरडत होता. पंचाची मान हलली आणि तिने चेंडू समोरच्याच्या हातात ठेवला.

"अगो, तू कोणाची गो?" जयराम चिडून म्हणाला.

तिने दुसरा चेंडू काखेत घेतला. उत्तर वर्षभरापासून तयार होतं. ज्याने विचारायचं, तो न विचारताच गेला होता.