एका खाचेची बाटली

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती, तेव्हाची गोष्ट. कामगारांच्या कॅम्पातल्या दवाखान्याच्या खिडकीत मी बाटली पुढं केली, तर आतला तरुण कंपाउंडर भलतंच पुटपुटत होता... "उनुस, उना, उनुम..."

"हे औषधाचं नाव होय?"

"नाही, लॅटिन. उनुस म्हणजे एक." तो ओशाळला. "डॉक्टर चिठ्ठीवर तसंच लिहिते. नागपूरले परीक्षा आहे माही. पास झालो तरच परमनंट."

"अन् एकट्याले एवढी रूपं कायले?"

"संगं कोण आहे ते पाहून बदलते. गड्यासंगं उनुस, बाईसंगं उना." एवढं बोलून त्यानं खाली पाहिलं — मग मीही.

त्यानं नाव विचारलं. रुक्मा जानराव मेश्राम, म्हटल्यावर हळूच "जयभीम" म्हणाला. तो गुलाब, भिलाई-३ च्या रेल्वे क्वार्टरातला. मायच्या खोकल्याचं लाल मिक्श्चर ओतून त्यानं बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीला जेवढ्या खाचा तेवढे डोस, रोज झोपताना एक.

माझ्या पट्टीला कायम एकच खाच असायची. रोज धूळ तुडवत जावं लागे, आणि मला त्याचा राग येत नव्हता, याचंच मला नवल वाटे.

शेवटी मायनंच विषय काढला. "शेजारच्या तुळसाबाईले तीन दिवसाचं देते. माहा खोकला काय वेगळा आहे?"

मी तेच खिडकीत विचारलं. गुलाबचे कान लाल झाले.

"तीन दिवसाचं देलं असतं तर... तुम्ही तीन दिवस दिसल्या नसत्या."

मायचा खोकला गेला. बाबांनी रविवारी वर्ध्याचे पाहुणे बोलावले. बाबा शब्दाचे पक्के, त्यांनी एकदा होकार दिला की संपलंच. मी बाटली धुतली आणि खिडकीशी गेले.

"माय बरी झाली ना? मंग?"

"रविवारी मले पाहाले येऊन राहिले."

माझ्यामागं रांग खोकत होती. मला रडू येईल असं वाटलं... तेवढ्यात त्यानं कात्री उचलली, पट्टी कापली आणि रिकाम्या बाटलीवर चिकटवली. एकच खाच.

"एक दिवस द्या मले. उद्या मायले घेऊन येतो. नोकरी पक्की नाही, तेही तुमच्या बाबाले मीच सांगीन."

घरी मायनं बाटली उजेडात धरली. औषध नव्हतं. खाच तिनं अंगठ्यानं चाचपली, मग माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. "उद्या येतो म्हणाला," मी पुटपुटले.

"एकटाच येते का?"

"त्याची माय पण."

बाटली फळीवर ठेवून तिनं ड्यूटीवर निघालेल्या बाबांना हाक मारली.

"अवो, येताना साखर आणजा. पाहुणे उद्याच येऊन राहिले."