नवरी पळाली

"पन्हं प्यायलो ना बाई, दोन ग्लास," हेमराज फोनवर म्हणाला.

वैजयंती हेडाऊ थबकली. तिनं पन्ह्याचं नावही काढलं नव्हतं. ती म्हणाली होती, "मांडव घालणं सोड. गड्यांना घेऊन थंड खोलीत शीर, नाहीतर दुपारपर्यंत मरशील."

"हेमराज, मी आत्ता काय म्हणाले?"

"पन्हं प्यायलास का म्हणालीस, पोरांचा निकाल चांगला लागला म्हणालीस. काहून, इसरली का? ठेवतो. एक गडी खाली बसला, उठूनच नाही राहिला. नाटकं साल्याची!"

धाकट्या भावाच्या कानातही कानमणी होता तर.

वाटाण्याएवढं यंत्र. कानाच्या कातडीवरून नाडी आणि घाम वाचायचं, मालक कशानं वैतागतो ते शिकायचं आणि नेमकं तेवढंच गाळून टाकायचं. आधी तिथं नुसती शांतता असायची. नव्या कानमण्यानं तीही बुजवली. बोलणाऱ्याच्याच आवाजात काहीतरी गोडगोड जोडून द्यायचं आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. भोंगा वाजवा, दारात उभं राहून ओरडा, सगळं गाळलं जायचं.

आणि लोकांनी तो का घेऊ नये? पंधरा वर्षं चॅनेलवाल्यांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं. चार थेंब पडले की महाप्रलय, दोन दिवस तापलं की पृथ्वीचा अंत. लाल पट्ट्या, ढोलताशे, आणि मध्येच धूर ओकणाऱ्या कारखान्यांच्याच हिरव्यागार जाहिराती. हवामान बिघडलं होतं हे शंभर टक्के खरं, पण खऱ्याचा असा तमाशा मांडला की माणसं खऱ्यालाच विटली. तो तमाशा वाचून दाखवणारा आवाज वैजयंतीचा होता. गावातल्या कानमण्यांनी सगळ्यात आधी गाळायला शिकलेले इशारेही त्याच आवाजातले.

आजचं ऊन मात्र साधं नव्हतं. अवकाळी पावसानं वैनगंगेकाठची तळी तुडुंब भरलेली, वर सूर्य आग ओकणारा. हवा इतकी ओली की घाम वाळतच नव्हता. माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर आतलं पाणी गार होईल का? माणसाचं तेच झालं होतं. सावलीत बसा, घागरभर पाणी प्या, तरी आतून शिजणं चालूच.

तिनं पुन्हा फोन लावला. लग्नाचं मैदान तीस किलोमीटरवर. ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. नाडी उडवील असंच काहीतरी बोलायला हवं होतं. कानमणी वैताग गाळतो, चटकदार भानगड नाही.

"हेमराज, मांडव कोणासाठी घालतोस रे? नवरी पळाली!"

पलीकडे बांबू आदळल्याचा आवाज आला. "काय म्हणतेस! पटल्यांची किरण?"

"हो, तीच. तुझे पैसे बुडाले समज. नवरदेवाकडचे शेजारच्या हॉलमध्ये उतरलेत ना? गड्यांना घेऊन तिथंच ठिय्या मार. तो बसलेला गडी, त्यालाही उचलून ने, म्हणजे त्यांना दया येईल. पैसे मिळेपर्यंत हलू नको."

"त्यांच्या तर...! चला बे पोट्टेहो, सोडा सगळं!"

हॉलमध्ये एसी होता. वैजयंतीनं स्टुडिओतल्या टेबलावर फोन ठेवला.

मागं संपादक गभणे उभे होते. "हीच बातमी लाव."

"सर, खोटं आहे ते. पोरगी घरात बसलीय."

"मला कळलं. सकाळपासून तू खरं सांगतेस. किती जणांनी ऐकलं? रस्त्याचं काम चालूय, बाजार भरलाय. सांग त्यांना खरं, बघ कोण हलतं ते."

"तिच्या जागी तुमची मुलगी असती तर?"

गभण्यांनी बोटानं बाहेर दाखवलं. खिडकीतून बाजार दिसत होता. पालाखालच्या भाजीवालीनं मान टाकली होती आणि शेजारीण स्वतःशीच हसत काहीतरी ऐकत होती.

वैजयंती कॅमेऱ्यापुढं बसली. तिचा आवाज सगळ्यांच्या फोनवर आणि बाजारातल्या भोंग्यांवरही जात होता. "हळदीच्या दिवशी पटल्यांची नवरी पळाली! थेट दृश्यं थोड्याच वेळात, फक्त टीव्हीवर."

कानमण्यांनी एक अक्षर गाळलं नाही. बाजार उठला. भाजीवालीलाही कोणीतरी उचलून आत नेलं. जिथं टीव्ही आणि गारवा होता, तिथं माणसं दाटीवाटीनं जाऊन बसली आणि ऊन कलेपर्यंत नवरीला शिव्या देत राहिली. गावात त्या दिवशी कोणी मेलं नाही. हेमराजचा गडीही वाचला.

संध्याकाळी स्टुडिओच्या दारात एक मुलगी आली. अंगावर पिवळी साडी, गालावर हळद सुकलेली, कान मोकळे.

"मी किरण पटले. पळालेली."

वैजयंतीनं सगळं सांगितलं. ऊन, ओली हवा, हेमराज, बाजार.

"मी घरातच आहे हे वऱ्हाडाला कळलं होतं हो," किरण म्हणाली. "तरी गेले निघून. ज्या घराचं नाव टीव्हीवर आलं तिथली सून नको म्हणाले. बाबा अजून भिंतीकडे तोंड करून बसलेत."

"माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता गं."

"नसेलही. माणसं वाचली, त्याला मी वाईट कसं म्हणू?" तिनं गालावरची हळद नखानं खरवडली. "पण उद्या ऊन याहून जास्त आहे म्हणतात ना, मॅडम? मग उद्या कोणाची पोरगी पळवणार?"